संकेतस्थळ बांधायला शिकताना : ड्रुपलच्या प्राथमिक धड्यांचे परीक्षण

शाळेच्या संकेतस्थळाचा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : खर्च किती येईल आणि करून कोण देईल. आपल्यापैकी कोणाला ते स्वतः शिकायचे असेल तर त्याने सुरुवात कोठून करावी, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर ‘यूट्यूबवर सगळे मिळते’ असे उत्तर येते. सगळे मिळते हे खरे आहे, पण नवशिक्याची अडचण नेमकी तीच असते. समोर आलेला धडा कधीचा, आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीचा आणि कोणासाठी केलेला, हे ओळखण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असते तर तो नवशिका राहिलाच नसता. पाठ्यपुस्तकाची निवड आपण कधी विद्यार्थ्यावर सोपवत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र शिक्षक स्वतः विद्यार्थी होतो, आणि ही निवड त्याच्याच गळ्यात पडते.

या लेखात ड्रुपल या एकाच प्रणालीचे प्राथमिक शिक्षणसाहित्य तपासले आहे. ड्रुपल म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर साठवणारी, मांडणारी आणि प्रसिद्ध करणारी, पीएचपी भाषेत लिहिलेली मुक्त आज्ञावली. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांना एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत म्हणून तिची सुरुवात केली. डच भाषेत ‘डॉर्प’ म्हणजे खेडे. हे नाव नोंदवताना टंकनात अक्षरे मागेपुढे झाली आणि ‘ड्रॉप’ झाले. पुढे थेंबाला डचमध्ये जो शब्द आहे त्याच्यावरून ‘ड्रुपल’ हे नाव पडले. जानेवारी २००१ मध्ये ही आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली.

मराठी वाचकाला हे नाव परके वाटेल, पण वस्तू परकी नाही. ‘मायबोली’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ ही मराठीतली गाजलेली संकेतस्थळे ड्रुपलवर चाललेली आहेत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाजालावर मराठी लेख, पाककृती, प्रवासवर्णने वाचणाऱ्या माणसाने ड्रुपल नकळत कितीतरी वेळा वापरले आहे. वापरणारे इतके असताना ते बांधणारे मराठीत मोजकेच का, याचे एक कारण शिकवणाऱ्या साहित्यात दडलेले आहे असे मला वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक शाळेने ड्रुपल शिकावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि सुट्ट्यांची यादी लावायची असेल तर ब्लॉगर पुरते, फार तर वर्डप्रेस. त्यासाठी ड्रुपल उभारणे म्हणजे चहा करायला भट्टी पेटवण्यासारखे आहे. पण ज्या शिक्षकाकडे नोंदी आहेत, म्हणजे शाळेच्या परिसरातील झाडे, रोजचा पाऊस, विहिरींच्या पाण्याची पातळी, पक्ष्यांची निरीक्षणे, आणि वर्षानुवर्षे वाढणाऱ्या या नोंदी ज्याला शोधता येतील अशा ठेवायच्या आहेत, त्याच्यासाठी ड्रुपल हे योग्य अवजार आहे. विज्ञान शिक्षक याच वर्गात मोडतो.

नोंदपत्र आणि रकाने

ड्रुपलचा गाभा समजायला वनस्पतिशास्त्रातला शुष्क नमुना डोळ्यांसमोर आणावा. सेमिनरी हिल्सवर विद्यार्थ्यांनी पळसाची एक डहाळी गोळा केली. ती वाळवून कागदावर चिकटवली, की खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लागते : स्थानिक नाव पळस, शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा, कुल फॅबेसी, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. पुढचा नमुना कडुनिंबाचा असो की मोहाचा, चिठ्ठीवरचे रकाने तेच राहतात, भरलेली माहिती बदलते.

ड्रुपलमध्ये अशा चिठ्ठीच्या नमुन्याला ‘कन्टेन्ट टाइप’ म्हणतात. आपण त्याला आशयप्रकार म्हणू. चिठ्ठीवरच्या प्रत्येक ओळीला ‘फील्ड’ म्हणतात, म्हणजे आपला रकाना. भरलेली प्रत्येक चिठ्ठी ही एक ‘नोड’ असते. कुलांची यादी आधीच ठरवून ठेवली आणि प्रत्येक चिठ्ठीने तीतूनच एक नाव उचलायचे असे केले, तर त्या यादीच्या सोयीला ड्रुपल ‘टॅक्सॉनॉमी’ म्हणते. (संगणकवाल्यांनी हा शब्द आपल्याकडूनच उचललेला आहे, त्यामुळे जीवशास्त्राच्या शिक्षकाला इथे घरी आल्यासारखे वाटायला हरकत नाही.) आणि ‘फेब्रुवारीत फुलणारी फॅबेसी कुलातली सर्व झाडे ठिकाणानुसार दाखव’ असा प्रश्न या साऱ्या चिठ्ठ्यांना विचारून आलेले उत्तर पानावर मांडायचे, याचे नाव ‘व्ह्यू’.

यात आणखी एक पायरी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. ‘ठिकाण’ हा रकाना प्रत्येक विद्यार्थी हाताने भरू लागला तर एक ‘अंबाझरी’ लिहील, दुसरा ‘अंबाझरी तलाव’, तिसरा ‘अंबाझरी तलावाजवळ’. तिन्ही नोंदी एकाच जागेच्या, पण यंत्राच्या लेखी जागा तीन. त्याऐवजी ‘ठिकाण’ हाच स्वतंत्र आशयप्रकार करावा, अंबाझरीची एकच चिठ्ठी असावी आणि वनस्पतीच्या चिठ्ठीने तिच्याकडे बोट दाखवावे. उद्या अंबाझरीच्या चिठ्ठीत अक्षांश-रेखांश घातले की ते तिथल्या प्रत्येक झाडाला आपोआप लागू होतात. ही बोट दाखवण्याची सोय ज्याला उमगली त्याला ड्रुपल उमगले. बाकी सारा तपशील आहे.

प्राथमिक धड्याकडून माझी अपेक्षा त्यामुळे साधी आहे. नवशिक्याने पहिल्या चार-पाच तासांत इथपर्यंत पोचावे. कोणता धडा त्याला पोचवतो आणि कोणता वाटेतच सोडून देतो, हे पुढे पाहू.

मुंबईचे धडे

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प अनेक वाचकांना माहीत असेल. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला. केंद्र सरकारच्या, माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय अभियानाचे अर्थसाहाय्य त्याला मिळाले. मुक्त आज्ञावली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे दृकश्राव्य पाठ, आणि त्यांना मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलेला आवाज, असे त्याचे स्वरूप आहे. लायनक्स, लाटेक, पीएचपी, मूडल अशा अनेक विषयांबरोबर ड्रुपलचीही मालिका त्यात आहे. ड्रुपलच्या क्षेत्रातील अक्विया आणि ओएसट्रेनिंग या संस्थांच्या मूळ साहित्यावरून ती बेतलेली आहे.

या धड्यांची शिक्षणपद्धती वाखाणण्यासारखी आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्या भागात स्वतःचा ड्रुपल उघडायचा, आणि आवाज सांगेल ते थांबत थांबत करून पाहायचे. प्रत्येक पाठाच्या आरंभी काय शिकणार आणि आधी काय येत असले पाहिजे हे सांगितलेले असते, शेवटी उजळणी असते. पाठाचा शब्दन् शब्द आधी लिहून काढतात आणि ज्याला तो विषय येत नाही अशा माणसाकडून तपासून घेतात. नवशिक्याकडून परीक्षण ही कल्पना इतकी सोपी आणि इतकी दुर्मीळ आहे की आपल्या पाठ्यपुस्तक मंडळांनीही तिची नोंद घ्यावी. पाठ उतरवून घेता येतात, म्हणजे ज्या शाळेत जोडणी येते-जाते तिथेही ते चालतात. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा दोन-दोन पाठ करत ही मालिका संपवता येईल, इतकी ती आटोपशीर आहे.

आणि मालिकेचा मधला भाग खरोखर चांगला आहे. आशयप्रकार तयार करणे, त्याला रकाने जोडणे, टॅक्सॉनॉमी, व्ह्यू, हे सारे क्रमाने येते. उदाहरण ‘कार्यक्रम’ या आशयप्रकाराचे आहे : कार्यक्रमाचे वर्णन, तारीख, विषय, आणि तो भरवणारा गट. गट हा वेगळा आशयप्रकार असून कार्यक्रम त्याच्याकडे बोट दाखवतो. म्हणजे वर सांगितलेली महत्त्वाची पायरी इथे आहे. या पाठांसाठी मी मालिकेला पूर्ण गुण देईन.

अडचण सुरुवातीला आहे. मालिका ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ती आवृत्ती नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा आधार संपला. त्यानंतर नववी आवृत्ती येऊन गेली, डिसेंबर २०२२ मध्ये दहावी आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अकरावी आली. ड्रुपल बसवण्याच्या पाठात बिटनामी या संस्थेचा तयार संच वापरलेला आहे. सर्व्हर, विदासाठा आणि ड्रुपल एकाच फटक्यात बसवणारा तो संच त्या काळी नवशिक्यासाठी उत्तम होता. आज त्या वाटेने जाणाऱ्याला वाट सापडत नाही. पुढे मॉड्यूल बसवण्याची रीतही बदलली आहे. आता ‘कंपोझर’ नावाच्या साधनाने ती आणावीत अशी शिफारस असते. पडद्याचे रूपही पालटले. आठव्या आवृत्तीत बार्टिक आणि सेव्हन या थीम होत्या, त्यांची जागा ऑलिव्हेरो आणि क्लॅरो यांनी घेतली. मजकूर लिहिण्याच्या चौकटीतला सीकेएडिटर चौथ्याचा पाचवा झाला.

जाणकाराला हे फरक किरकोळ वाटतील. नवशिक्याला ते किरकोळ नसतात. गोंदियाकडचा एखादा शिक्षक रात्री जेवणानंतर दीड तास काढून बसतो, आवाज सांगतो ते बटण त्याच्या पडद्यावर नसते, आणि आपलेच काहीतरी चुकले असे तो धरून चालतो. धडा जुना झाला आहे अशी शंका त्याला येत नाही, कारण धडा आयआयटीचा आहे आणि मराठीत आहे. दुसऱ्या रात्री तो पुन्हा बसतो, तिसऱ्या रात्री बसत नाही. पुढे कोणी विचारले तर ‘ते आपल्यासाठी नाही’ एवढेच सांगतो. पाठ तयार करणाऱ्यांनी घेतलेले सारे कष्ट इथे पहिल्याच पायरीवर वाया जातात. मधल्या चांगल्या पाठांपर्यंत तो शिक्षक पोचलेलाच नसतो.

प्रत्येक पाठाच्या पहिल्या पाटीवर ‘हा पाठ ड्रुपल आठसाठी आहे, बसवण्याची ही रीत आता चालत नाही, नवी रीत अमुक’ अशी एक ओळ डकवली तरी पुष्कळ भागेल. संपूर्ण मालिका नव्याने चित्रित करणे खर्चाचे आहे हे मान्य. पण औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापायला नवे औषध करावे लागत नाही.

दुसरी अडचण भाषेची. आवाज मराठी असतो, पडदा इंग्रजीच राहतो. विद्यार्थ्याला नोकरीच्या बाजारात इंग्रजी संज्ञा माहीत असायला हव्यात, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु मराठी आवाज जेव्हा केवळ ‘स्ट्रक्चरवर क्लिक करा, मग कन्टेन्ट टाइप्सवर क्लिक करा, मग ॲड कन्टेन्ट टाइपवर क्लिक करा’ एवढेच सांगतो, तेव्हा त्या वाक्यात मराठी फक्त ‘वर’ आणि ‘करा’ एवढीच उरते. मराठीतून शिकवण्याचा फायदा घ्यायचा तर ‘कन्टेन्ट टाइप’ म्हणजे काय हे सांगायला एखादे मिनिट मराठीत थांबायला हवे. भाषांतरकाराला ती मोकळीक नसते. चित्र इंग्रजी आवाजाच्या मापाने कापलेले असते आणि मराठी वाक्य त्या मापात बसवावे लागते. दोष भाषांतरकाराचा नाही, साच्याचा आहे. नमुना मजकूर भरण्याच्या पाठात ‘डेव्हेल’ हे मॉड्यूल पडद्यावर लॅटिन शब्दांचा पाऊस पाडते. हे खोटे भरताड आहे, मुद्रक मांडणी तपासायला असा मजकूर वापरत आले आहेत, एवढे दोन वाक्यांत सांगितले असते तर मराठी शिकणारा बिचकला नसता.

भाजीबाजाराचे पुस्तक

ड्रुपलच्या स्वयंसेवकांनी लिहिलेले ‘ड्रुपल युजर गाइड’ हे या मालिकेच्या अगदी उलट टोकाचे साहित्य आहे. ते मुख्यतः वाचून शिकायचे साहित्य आहे, इंग्रजी साधे पण कोरडे. विशेष म्हणजे पुस्तकाचे दुसरे प्रकरण संकेतस्थळाचे नियोजन कसे करावे यावर आहे आणि ड्रुपल बसवणे तिसऱ्या प्रकरणात येते. म्हणजे संगणकाला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. हा क्रम योग्य आहे आणि नवशिक्यांसाठीच्या साहित्यात क्वचितच आढळतो.

सबंध पुस्तकात एकच उदाहरण चालते : एका गावच्या शेतकरी बाजाराचे संकेतस्थळ. बाजारात विक्रेते आहेत, प्रत्येक विक्रेत्याचे एक पान आहे. विक्रेते आपल्या मालापासून होणाऱ्या पाककृती घालतात, पाककृतीत घटक पदार्थ आहेत, आणि ग्राहकाला पदार्थावरून पाककृती शोधायची आहे. विक्रेता आणि पाककृती हे दोन आशयप्रकार, घटक पदार्थांची टॅक्सॉनॉमी, पाककृतीने विक्रेत्याकडे दाखवलेले बोट, आणि शोधासाठी व्ह्यू. रचनेचा एकही तुकडा उपरा वाटत नाही, कारण बाजार कसा चालतो हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. परक्या गावाच्या जागी गोकुळपेठेचा बाजार घाला आणि पाककृतींत सावजी रस्सा घाला, उदाहरणाचा एक काना-मात्राही बदलावा लागत नाही. स्पोकन ट्युटोरियलमधील कार्यक्रम आणि गट यांचे उदाहरण तर्काला धरून आहे, पण ते संगणक व्यवसायातल्या मेळाव्यांचे आहे आणि आपल्या शिक्षकाने असा मेळावा पाहिलेला नसतो. उदाहरण ओळखीचे असले की मन रचनेवर राहते. आपण वर्गात हेच तत्त्व पाळतो.

कृती सांगणाऱ्या प्रत्येक पानाचा आराखडा ठरलेला आहे : उद्दिष्ट, आवश्यक पूर्वज्ञान, संकेतस्थळाची पूर्वतयारी, कृतीच्या पायऱ्या, अधिक अभ्यासासाठी वाटा. प्रयोगवहीची सवय असलेल्या विज्ञान शिक्षकाला हा आराखडा लगेच वापरता येईल. एक पूर्ण प्रकरण बहुभाषिक संकेतस्थळावर आहे. तिथे दुसरी भाषा स्पॅनिश घेतली आहे, आपण मराठी घ्यायची. अडचणी कशा टाळाव्यात आणि सोडवाव्यात यावर एक प्रकरण आहे, सुरक्षिततेवर एक आहे.

सुरक्षिततेचे प्रकरण शेवटाकडे असले तरी शाळेने ते आधी वाचावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक गंभीर खिंडार सापडले. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले असे समजूनच चालावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटाला द्यावा लागला. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा तसेच मोठे खिंडार सापडले. एकदा बांधून विसरून जायचे असेल तर शाळेने ड्रुपलच्या वाटेला जाऊ नये. नवशिक्याला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगणारा एकही धडा मी पाहिलेला नाही.

या पुस्तकाचे दोष कोणते? पहिला, एका पानावरून दुसऱ्या पानावर पाठवण्याचा सोस. पूर्वज्ञानाच्या यादीतला प्रत्येक दुवा उघडत गेले तर माणूस मूळ पानावर परततच नाही. दुसरा, ड्रुपल बसवण्याचे प्रकरण अजूनही त्याच माणसासाठी आहे ज्याला सर्व्हर आणि विदासाठा हे शब्द घाबरवत नाहीत. तिसरा दोष मोठा आहे : बिघडलेले काही दिसत नाही. बिघाडांचे प्रकरण वेगळे ठेवले आहे. पण माणूस बिघाडांच्या प्रकरणात अडखळत नाही, तो चौथ्या प्रकरणाच्या तिसऱ्या पायरीवर अडखळतो.

याबाबतीत एका वेगळ्या प्रणालीचा धडा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात जन्मलेली आणि २००५ मध्ये खुली झालेली ‘जँगो’ ही पायथन भाषेतील चौकट. ती शिकवण्यासाठी २०१४ मध्ये बर्लिनमध्ये ‘जँगो गर्ल्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचा धडा नवशिक्याला मुद्दाम बिघाडापर्यंत नेतो. आता पान उघडा, चूक दिसेल, घाबरू नका, संदेश वाचा, तो सांगतो आहे की साचा सापडला नाही, कारण तो आपण अजून लिहिलेलाच नाही. मग साचा लिहायचा आणि पान पुन्हा उघडायचे. चुकीचा संदेश हा इथे धड्याचाच एक परिच्छेद असतो. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हे पटकन पटते, कारण उपकरण का चालत नाही हे शोधण्यातच त्याला उपकरण कळलेले असते. ड्रुपलच्या दोन्ही धड्यांत ही दृष्टी नाही. स्पोकन ट्युटोरियलमध्ये सारे पहिल्याच झटक्यात जमते, कारण पाठ तपासून चित्रित केलेला असतो. शिकणाऱ्याच्या पडद्यावर मात्र ‘अनपेक्षित चूक झाली आहे, नंतर प्रयत्न करा’ एवढेच उमटते. नंतर म्हणजे केव्हा, हे तो कोणाला विचारणार?

यूट्यूबवरील हिंदी-मराठी व्हिडिओंविषयी थोडक्यात. त्यांत काही चांगले आहेत, पण बहुतेक ‘दहा मिनिटांत संकेतस्थळ’ या जातीचे. करणाऱ्याचे हात वेगाने चालतात आणि तो काय गृहीत धरतो आहे हे त्याचे त्यालाही माहीत नसते. अडल्यावर एखादी एकच कृती पाहून घ्यायला ते उपयोगी आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

मग कोणता क्रम धरावा?

मी विचारणाऱ्यांना असे सुचवतो. पहिल्या दिवशी संगणक उघडू नये. युजर गाइडचे दुसरे प्रकरण वाचावे आणि आपल्याकडे कोणत्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीवर कोणते रकाने, कोणती चिठ्ठी कोणाकडे बोट दाखवते, हे कागदावर काढावे. हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांबरोबर केले तर अधिक चांगले होते. ‘ठिकाण’ हा रकाना असावा की स्वतंत्र चिठ्ठी, यावर मुले तावातावाने भांडतात, आणि त्या भांडणात वर्गीकरणाचा अख्खा पाठ होऊन जातो.

दुसऱ्या दिवशी ड्रुपल बसवावे, पण स्पोकन ट्युटोरियलमधील पाठाने नव्हे. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘ड्रुपल सीएमएस’ या नावाने नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला संच प्रसिद्ध झाला. स्वतःच्या संगणकावर तो चालवून पाहण्यासाठी एक छोटे सुरू-करणारे साधनही त्याबरोबर मिळते. शिकण्यापुरते ते पुरेसे आहे. त्यात बरेच काही आधीच मांडून ठेवलेले असते, त्याने दबून जाऊ नये. आपण आपला एक आशयप्रकार करायचा आणि बाकीच्याकडे काही दिवस दुर्लक्ष करायचे. पडद्याची भाषा सुरुवातीला इंग्रजीच ठेवावी. ड्रुपलला मराठी रूप आहे, भाषा जोडली की उपलब्ध भाषांतर आपोआप उतरते. परंतु धड्यातला पडदा इंग्रजी आणि आपला मराठी असला तर प्रत्येक बटणाशी दोनदा अडखळायला होते. मजकूर अर्थात पहिल्या अक्षरापासून मराठीतच लिहावा.

त्यानंतर स्पोकन ट्युटोरियलमधील आशयप्रकार, रकाने, टॅक्सॉनॉमी आणि व्ह्यू यांचे पाठ मराठी आवाजात ऐकावेत. पडदा थोडा वेगळा दिसेल, पण या चार गोष्टींची रचना आठव्या आवृत्तीपासून फारशी बदललेली नाही. एव्हाना कागदावरचा आराखडा हाताशी असल्याने बटण दुसरीकडे सरकलेले असले तरी आपण काय शोधतो आहोत हे ठाऊक असते. थीम आणि मॉड्यूल यांचे पाठ सोडून द्यावेत. किरणोत्सारी पदार्थांप्रमाणे धड्यातल्या निरनिराळ्या भागांचे अर्धायुष्य निरनिराळे असते : बटणांच्या जागा दोन-तीन वर्षांत बदलतात, बसवण्याच्या रीती चार-पाच वर्षांत, आणि चिठ्ठी-रकान्यांची कल्पना ग्रंथालयांच्या तालिका-पत्रांपासून चालत आलेली आहे.

आता मराठी साहित्याविषयी. युजर गाइड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. मूळ लेखकांचा उल्लेख करून आणि आपले भाषांतर त्याच अटींवर खुले ठेवून कोणालाही ते मराठीत आणता येते. अनेक भाषांत तसे झालेही आहे. सबंध पुस्तक एकदम हाती घेण्याची गरज नाही. पहिली दोन प्रकरणे आणि आशयरचनेचे प्रकरण एवढे मराठीत आले, आणि भाषांतर करताना शेतकरी बाजाराशेजारी वनस्पती-नोंदीचे एक उदाहरण घातले, तर शिक्षकाला पहिल्या दिवशी हातात धरायला काहीतरी होईल. तीन-चार शिक्षकांच्या गटाला दिवाळीच्या सुट्टीत झेपेल एवढे हे काम आहे. भाषांतर झाल्यावर ते ड्रुपल न येणाऱ्या एका शिक्षकाकडून तपासून घ्यावे. ही युक्ती मुंबईच्या प्रकल्पाकडून जरूर उचलावी.

त्यात परिभाषेचा वाद निघणार हे उघड आहे. माझे मत असे की पडद्यावर दिसणारा शब्द एकदा देवनागरीत तसाच द्यावा आणि पुढे अर्थ सांगणारा मराठी शब्द वापरावा. ‘फील्ड’ला ‘क्षेत्र’ म्हणू नये. क्षेत्र म्हटले की मुलांना क्षेत्रफळ आठवते, ‘रकाना’ हा शब्द हजेरीपटामुळे प्रत्येक शिक्षकाच्या रोजच्या वापरात आहे. ‘कन्टेन्ट टाइप’ला ‘आशयप्रकार’ चालेल, ‘चिठ्ठीचा नमुना’ त्याहून बरे. ‘नोड’ला मराठी शब्द शोधण्यात वेळ घालवू नये, ‘नोंद’ म्हणावे आणि पुढे जावे. ‘टॅक्सॉनॉमी’ला ‘वर्गीकरण’ आहेच. ‘व्ह्यू’चे मात्र मला अजून जमलेले नाही. ‘दृश्य’ हा शब्द कोशात शोभतो, पण प्रश्न विचारून काढलेली यादी असा अर्थ त्यातून निघत नाही. शाळेच्या दप्तरात याला ‘गोषवारा’ म्हणतात, आणि मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द तोच वाटतो. कोणाला अधिक चांगला शब्द सुचल्यास त्यांनी तो वापरून पाहावा.